कॅलिफोर्नियातल्या शाळेत ‘पेरंट हेल्पर’ व्हायचंय? मग ऑगस्टमध्येच कागद हलवा

मुलगा किंडरगार्टनला गेला त्या वर्षी ‘बॅक टू स्कूल नाइट’ला, म्हणजे पालकांना वर्गाची ओळख करून देण्याच्या संध्याकाळी, त्याच्या बाईंनी एक कागद फिरवला. ‘बुधवार, सेंटर्स, ९ ते १०:१५’ या ओळीपुढे मी नाव लिहिलं. आपल्याकडे पालकांना शाळेत बोलावलं की पोटात गोळा येतो. सांगलीत माझी आई माझ्या अख्ख्या शाळेत चारदा आली असेल, त्यातल्या दोन वेळा तक्रारीच्या. इथे बाई स्वतःहून म्हणतायत, की वर्गात या, बसा, मदत करा. मी हरखून गेले.

नाव दिलं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. वर्गात पाय ठेवला थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात. मधले अडीच महिने कागदांत गेले, आणि त्यातला निम्मा वेळ माझ्या अज्ञानामुळे. ते अज्ञान तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहितेय. सगळा अनुभव कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेचा आहे. दुसऱ्या राज्यात कागद बदलतील, पण वर्गात गेल्यावर जे होतं ते बहुतेक असंच असणार.

१. कुठलं काम घ्यायचं ते आधी ठरवा

‘व्हॉलंटियर’ या एका शब्दात चार वेगळी कामं आहेत.

रूम पेरंट म्हणजे वर्गाचा कारभारी. पार्टीची वर्गणी, ई-मेल, ‘टीचर ॲप्रिसिएशन वीक’ची भेट हे सगळं त्याच्या गळ्यात. नवीन माणसं उत्साहात हेच काम उचलतात आणि पुढे वीस-बावीस घरांच्या उत्तरांची वाट बघत बसतात. मुलांशी संबंध जवळजवळ नाही. पहिल्या वर्षी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्गातला हेल्पर ठरलेल्या दिवशी तास-सव्वा तास येतो आणि एका टेबलावर चार-पाच मुलांबरोबर बसतो. हा लेख मुख्यतः त्याच्यासाठी आहे. तिसरं म्हणजे एकेकदाचं काम: पुस्तकजत्रा, सहल, फोटोचा दिवस. चौथं घरचं. बाई पिशवीत कागद भरून पाठवतात, तुम्ही रात्री टीव्हीसमोर बसून कापायचे. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांच्यासाठी हे चौथं सोन्यासारखं आहे, कारण धाकट्याला वर्गात सोबत आणता येत नाही. आम्ही दोघी मैत्रिणींनी अदलाबदल केली होती: बुधवारी माझी धाकटी तिच्याकडे राहायची; तिची मुलगी गुरुवारी माझ्या घरी.

नोकरी करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एकाच ठिकाणी २५ किंवा जास्त माणसं काम करत असतील, तर कॅलिफोर्नियाच्या कायद्याने पालकाला मुलाच्या शाळेच्या कामासाठी वर्षाला ४० तासांपर्यंत रजा मिळते. अशा शाळेतल्या कार्यक्रमांसाठी महिन्याला ८ तासांची मर्यादा आहे. रजा भरपगारीच असेल असं नाही आणि आधी कळवावं लागतं. माझ्या नवऱ्याला हा कायदा तीन वर्षं माहीत नव्हता. माहीत नव्हता, की करून घ्यायचा नव्हता, हा प्रश्न मी घरात ताणलेला नाही.

२. एच-फोर असाल तर

एच-फोर म्हणजे इथे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. त्यावरची प्रत्येक नवीन आई एकच प्रश्न कुजबुजत विचारते: वर्क परमिट नसताना शाळेत मदत करता येते का? वर्गातली पालकांची मदत बिनपगारी असते आणि मुळातच स्वयंसेवकांची असते, त्यामुळे वर्क परमिटवाचून अडत नाही. सापळा वेगळाच आहे. मधल्या सुट्टीत मैदानावर लक्ष ठेवणारी ‘यार्ड ड्यूटी’ची माणसं बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळांत) पगारी असतात. ऑफिसातल्या बाई चांगल्या मनाने म्हणतात, “तू रोज येतेसच, मग हे काम घे ना, थोडे पैसेही मिळतील.” परमिट नसेल तर हसून नाही म्हणा. “पैसे नकोत, तसंच करते” असंही म्हणू नका. ज्या कामाला पगार आहे ते फुकट करणं हाही गोंधळच.

३. कागदांची फाईल

शाळा सुरू होते ऑगस्टच्या मध्यावर. त्याच आठवड्यात ऑफिसात जाऊन विचारा, “व्हॉलंटियर पॅकेट आहे का?” काही ठिकाणी ते ऑनलाइन भरायचं असतं. साधारण हे लागतं:

– फोटो असलेलं ओळखपत्र. पासपोर्ट चालतो, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी असेल तर सोपं.
– डिस्ट्रिक्टचा स्वयंसेवक अर्ज. दर वर्षी नव्याने.
– टीबी नसल्याचा दाखला.
– बोटांचे ठसे. सगळ्यांना लागतात असं नाही. नेहमी येणाऱ्यांना आणि सहलीला जाणाऱ्यांना बहुधा लागतात.
– गाडी चालवणार असाल तर आणखी कागद, ते सहलीच्या मुद्द्यात.

नावाकडे लक्ष द्या. आपल्या पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. लग्नानंतर आडनाव बदललेलं, काहींचं तर पहिलं नावही बदललेलं. शाळेच्या यादीत नवऱ्याने घाईत घरचं नाव लिहिलेलं. मी तर तीन कागदांवर तीन बायका होते. सगळीकडे ओळखपत्रावरचं नाव जसंच्या तसं लिहा.

४. टीबीचा दाखला: इथे आपण हमखास अडकतो

मुलांबरोबर वारंवार किंवा बराच वेळ असणाऱ्या स्वयंसेवकाला कॅलिफोर्नियात टीबीचा दाखला द्यावा लागतो. २०१५पासून सरसकट चाचणी करत नाहीत. आधी डॉक्टर किंवा नर्स एक छोटी प्रश्नावली भरून घेतात. धोका नसेल तर तिथेच सही मिळते. पण त्या प्रश्नावलीत क्षयरोगाचं प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्म झालाय का, किंवा महिनाभर तरी राहिलाय का, हा प्रश्न असतो. म्हणजे आपली गाडी चाचणीवर आलीच. शेजारच्या गोऱ्या आईचं काम पाच मिनिटांत झालं म्हणून मनाला लावून घेऊ नका.

आता डाव्या दंडावरचा तो गोल वण बघा. ती बीसीजीची लस. ही लस घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. माझी आली. हातावर रुपयाएवढी गाठ, मग छातीचा एक्स-रे, मग त्याच्या रिपोर्टची वाट. त्यात आधी ती चाचणी मी गुरुवारी करून घेतली होती. ती ४८ ते ७२ तासांनी पुन्हा जाऊन दाखवायची असते, म्हणजे शनिवार-रविवार, आणि क्लिनिक बंद. सोमवारी गेले तर म्हणाले, वेळ उलटली, पुन्हा टोचा.

तेव्हा डॉक्टरकडे पहिलंच वाक्य हे असू दे: “मला लहानपणी बीसीजी दिलेली आहे, रक्ताची चाचणी करा.” तिला ‘क्वांटिफेरॉन’ किंवा ‘इग्रा’ म्हणतात. बीसीजीमुळे ती फसत नाही आणि एका खेपेत काम होतं. विमा किती देतो ते मात्र आधी फोन करून विचारा. दाखला चार वर्षं चालतो. मूळ प्रत शाळेला देऊ नका, झेरॉक्स द्या.

५. बोटांचे ठसे

याला इथे ‘लाइव्ह स्कॅन’ म्हणतात. शाई नसते, काचेवर बोट ठेवायचं. ठसे राज्याच्या न्याय खात्याकडे आणि बहुधा एफबीआयकडे जातात. गुन्हेगार ठरवत नाहीयेत, सगळ्यांचंच करतात.

सापळा पहिला: स्वतःहून ठसे घेणाऱ्या दुकानात जाऊन ठसे देणं. फॉर्म तुमच्या डिस्ट्रिक्टकडूनच घ्यायचा, कारण निकाल कुणाकडे पाठवायचा त्याचा कोड त्यावर छापलेला असतो. कोड चुकला तर निकाल भलत्याच दारी. दुसरा: एका डिस्ट्रिक्टचा निकाल दुसऱ्याला चालत नाही. घर बदललं की पुन्हा काच, पुन्हा बोटं, पुन्हा फी. फीसुद्धा आधी विचारा. काही डिस्ट्रिक्ट भरतात, काही ठिकाणी पालक संघ भरतो. तिसरा: फॉर्मवर ‘इतर नावं’ अशी चौकट असते, तिथे माहेरचं नाव लिहायचं. माझ्याकडे तेव्हा सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता. ती चौकट रिकामी ठेवली, काही अडलं नाही.

बोटांच्या रेषा भांडी घासून झिजल्या असतील किंवा त्वचा कोरडी असेल तर ठसे नाकारले जातात आणि परत बोलावतात. दोन-तीन दिवस आधीपासून रात्री हातांना तेल किंवा क्रीम चोळा, आणि ऐन वेळी हात स्वच्छ धुऊन कोरडे करून जा. फॉर्मच्या खाली शेवटी ‘एटीआय’ नंबर लिहून देतात. त्याचा फोटो काढून ठेवा, निकाल कुठे अडकलाय ते त्याच्यावरूनच कळतं.

६. बाईंना नीट कळवा

कागद झाले की बाई आपोआप बोलावतील असं नाही. ऑफिसला मंजुरी कळते, बाईंना कळतेच असं नाही. दोन ओळींचा निरोप पाठवा: मंजुरी आली आहे, अमुक वारी अमुक ते अमुक येऊ शकते, मुलांबरोबर बसायला आवडेल किंवा मागच्या टेबलावरची कामं आवडतील. “काहीही चालेल” हे आपल्याकडे नम्रतेचं. इथे बाईंना त्याचा उपयोग नाही. आणि जमेल तेवढंच कबूल करा. दर आठवड्याला येते म्हणून महिन्यात दोनदा दांडी मारण्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा, पण नक्की. बाईंनी त्या तासाची चार टेबलं तुम्हाला धरून आखलेली असतात. येणं रद्द झालं तर आदल्या रात्री कळवा.

किंडरगार्टनचे पहिले काही आठवडे बऱ्याच बाई मदतनीस घेत नाहीत, मुलांना शिस्त लागायची असते. त्याचा राग मानू नका.

७. पहिला दिवस

दहा मिनिटं आधी पोहोचा. थेट वर्गात जायचं नाही. ऑफिसात ओळखपत्र दाखवून सही करायची, छातीवर स्टिकर लावायचा, परत जाताना सही करूनच जायचं. ही सही दाखवण्यापुरती नाही. आग किंवा भूकंपाची ड्रिल झाली तर शाळेत कोण कोण आहे ते त्या वहीवरून मोजतात. ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी ‘शेकआउट’ची भूकंप ड्रिल असते. मी नेमकी एकदा त्यात सापडले. सहा वर्षांच्या मुलाच्या टेबलाखाली गुडघे दुमडून बसण्याचा प्रसंग साडी नेसून आला नाही, एवढंच नशीब.

कपडे असे घाला की जमिनीवर बसता येईल. डिंक लागणारच. फोन पर्समध्ये, आवाज बंद. कुणाचाही फोटो काढायचा नाही, स्वतःच्या मुलाचासुद्धा नाही, कारण त्यात मागे दुसऱ्याचं मूल येतं आणि संध्याकाळी तो फोटो कुठल्यातरी ग्रुपवर फिरतो.

बाईंना स्वतःच्या मुलाबद्दल विचारू नका. “तो जेवतो का? बोलतो का? वाचनात कितवा आहे?” हे प्रश्न जिभेवर येतात, गिळून टाका. त्यासाठी कॉन्फरन्स, म्हणजे पालक-शिक्षकांची ठरलेली भेट असते.

८. टेबलावर बसल्यावर

‘सेंटर्स’ म्हणजे मुलांचे चार-पाच गट आणि तितकीच टेबलं. पंधरा-वीस मिनिटांनी घंटी वाजते, गट पुढच्या टेबलावर सरकतो. तुम्ही जागचे हलत नाही. तेच काम पाच वेळा, दर वेळी नवीन मुलं.

सगळ्यात मोठा मोह मदत करण्याचा. आपल्याला हात धरून गिरवून घ्यायची सवय. मुलाचं अक्षर उलटं आलं की माझा हात आपोआप त्याच्या पेन्सिलीकडे जायचा. बाईंनी एकदा हळूच सांगितलं, तो उलटाच ‘बी’ त्यांना बघायचा असतो. तेव्हापासून मी हातात स्वतःची चहाची बाटली धरून बसते.

गणितात तर जास्तच जपा. दुसरीच्या वर्गात एका मुलीला ४७ आणि ३८ची बेरीज अडली. मी लगेच: “पंधराचे पाच, हातचा एक.” ती माझ्याकडे बघत राहिली. इथे ती मुलं दशकाची काठी आणि एककाचे ठिपके काढून दहा ठिपक्यांची नवी काठी करतात. उभी मांडणी करून सफाईने बेरीज करणं अभ्यासक्रमात चौथीला येतं. आपलं उत्तर बरोबर असतं, पण तिच्या डोक्यातली काठी मोडते. “तू कसं केलंस, मला दाखव” एवढंच विचारा. या एका वाक्यावर माझी दोन वर्षं निघाली.

आता उच्चार. घाबरू नका, पण एक गोष्ट शिकून जा. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांत आपण फरक करतो तो ‘ह’ घालून. इथे ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि ‘डब्ल्यू’ला ओठांचा चंबू होतो. फोनिक्सच्या (अक्षरांचे उच्चार शिकायच्या) टेबलावर एका पाच वर्षांच्या मुलाने माझं तोंड बघून मला हे दुरुस्त करायला लावलं. शेवटचं अक्षर ‘झी’, झेड नाही. पूर्णविराम ‘पीरियड’. कचरापेटी ‘ट्रॅश’. आणि खोडरबराला चुकूनही ‘रबर’ म्हणू नका, तो ‘इरेझर’. रबर म्हणजे इथे काय, ते घरी गेल्यावर नवऱ्याला विचारा. मुलांची नावं त्यांनाच विचारून घ्या. मेक्सिकन घरातल्या मुलाच्या नावातला ‘जे’ बहुधा ‘ह’ असतो. आपल्या मुलांच्या नावांची इथे काय दशा होते ते आठवलं की हे कष्ट वाटत नाहीत.

गालगुच्चे, मांडीवर घेणं, डोक्यावरून हात फिरवणं बंद. मूल बिलगलं तर बाजूने खांद्यावर हात, किंवा टाळी. बाथरूमला एकट्याने कुणाला न्यायचं नाही. कुणी रडलं, पडलं, घरचं काही विचित्र सांगितलं, तर स्वतः चौकशी न करता बाईंना सांगा.

आणि पाहिलेलं वर्गातच ठेवा. कुणाला स्पीच थेरपीसाठी बाहेर नेतात, कोण अजून अक्षरं ओळखत नाही, हे सगळं तुम्हाला दिसणार. मुलांच्या शाळेतल्या नोंदी गुप्त ठेवण्याचा कायदा इथे १९७४पासून आहे, पण कायदा सोडा. गणपतीच्या पॉटलकमध्ये “तुमच्या त्याला ना, वाचनाच्या खालच्या गटात बघितलं” हे वाक्य एकदा माझ्या कानावर पडलंय. ज्या आईला ते ऐकवलं तिचा चेहरा मी विसरलेली नाही.

९. आपलं मूल

पहिल्या बुधवारी माझा मुलगा माझ्या मांडीवरून उठेना. दुसऱ्या बुधवारी त्याने सगळ्यांना आपली आई दाखवायला दंगा केला. तिसऱ्या बुधवारी टेबलावरून मोठ्याने मराठीत म्हणाला, “आई, हा मुलगा ना येडाय.” कुणाला कळलं नाही, पण मी घामाघूम.

घरी आधी बोलून ठेवा: शाळेत आई बाईंची मदतनीस, सगळ्यांची. आल्यावर एक मिठी, जाताना एक. बाईंना सांगून त्याच्या गटाचं टेबल पहिले काही आठवडे टाळलं तर उत्तम. वर्गात त्याच्याशी मराठीत लांबण लावू नका, बाकीच्यांना वाटतं आपल्याबद्दलच चाललंय. काही मुलांना आईचं येणं सोसतच नाही; मग कागद कापायचं काम घरी आणा, यात कमीपणा नाही.

१०. खाऊ आणि दिवाळी

घरचं काही नेऊ नका. शेंगदाण्याचं कूट आपल्या कशात नसतं ते सांगा! खिचडी, चटणी, चिक्की, लाडू. वर्गात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एखादं मूल असतंच, असं धरून चाला. संक्रांतीला तिळगूळ वाटायची माझी फार हौस होती. पण तीळही १ जानेवारी २०२३पासून अमेरिकेत मुख्य ॲलर्जींच्या यादीत नववा आलाय, म्हणजे तिळगुळात दोन-दोन. दुकानातलं सीलबंद, घटकांची यादी छापलेलं, तेही बाईंना आधी विचारून. शाकाहारी असाल तर मुलाला शिकवा: मार्शमेलोमध्ये बहुधा जिलेटिन असतं.

दिवाळीला बाई विचारतील, काही कराल का? जरूर करा. वीस मिनिटं पुरे. गोष्ट पाच मिनिटं, मग पट्ट्या कापून ठेवलेला कागदी आकाशकंदील. सरकारी शाळेत सणाची ओळख करून देता येते, पूजा-आरती नाही. पणती बॅटरीची. पट्ट्या आधीच कापून न्या आणि मुलांपेक्षा पाच संच जास्त. मी मोजून चोवीस नेले होते; तीन फाटले, एका मुलाने कंदील खाल्ला.

११. सहल

बसने जात असाल तर चार-पाच मुलं तुमच्या नावावर असतात, दर दहा मिनिटांनी मोजायची. स्वतःच्या गाडीने न्यायची असतील तर इथलं लायसन्स, गाडीचा विमा आणि डीएमव्हीकडची, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याकडची, ड्रायव्हिंगची नोंद मागतात. विमा राज्याच्या किमान रकमेपेक्षा जास्तीचा मागणं सर्रास आहे, तेव्हा पॉलिसीचं पहिलं पान आधी बघा. आठ वर्षांखालच्या, ४ फूट ९ इंचांपेक्षा बुटक्या प्रत्येक मुलाला मागच्या सीटवर बूस्टर (मुलाला उंच बसवणारं आसन) लागतो. तीन मुलं म्हणजे तीन बूस्टर, आणि ते तुमच्या गाडीच्या मागच्या सीटवर शेजारी शेजारी मावतात का ते सहलीच्या सकाळी बघू नका.

१२. जूनमध्ये

शाळा संपताना फाईल उघडून तारखा बघा. टीबीचा दाखला पुढच्या वर्षात संपत असेल तर उन्हाळ्यात भारतात जाण्याआधी रक्त देऊन टाका. ठशांची मंजुरी त्याच डिस्ट्रिक्टमध्ये चालू राहते का, ते ऑफिसात विचारा. अर्ज मात्र ऑगस्टमध्ये नवा. चौथीच्या पुढे वर्गात बोलावणं कमी होत जातं. माझ्या मुलाच्या चौथीच्या बाईंनी यंदा फक्त झेरॉक्सच्या खोलीत बोलावलंय, गुरुवारी साडेआठला. धाकटीच्या बाईंचा बुधवार अजून रिकामा आहे, तो मी आधीच मागून ठेवलाय.